लेकीला पाण्याच्या खात्यात जायचे आहे

पत्र : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचे लहानसे कुळागर (पोफळीची बाग) आहे. थोरली मुलगी यंदा ६८ टक्के मिळवून दहावी झाली. शाळेची सहल अंजुणे धरणावर गेली होती, तेव्हापासून तिने मनात घेतले आहे की आपण पाण्याच्या खात्यातच काम करणार. पंचायतीत विचारले, तर सचिव म्हणाले, अशी जागाच इथे नाही. घरचे म्हणतात, मुलीने का नळ फिरवत हिंडायचे? बारावी करून बीएड करावे. हे काम नेमके काय असते आणि तिला जमेल का, ते सांगावे. – एक पालक

उत्तर :

नमस्कार.

सचिवांनी तुम्हाला खरेच सांगितले, पण अर्धे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस असतो, नगरपालिकेचा स्वतःचा पाणीपुरवठा विभाग असतो. गोव्यात ही कामे राज्य सरकारची खाती करतात. नळाचे पाणी वर्षानुवर्षे साबांखाकडे, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होते, अलीकडे त्यासाठी पेयजल खाते वेगळे झाले. धरणे, कालवे, बंधारे, नद्यांचा पूर आणि जमिनीखालचे पाणी हे जलस्रोत खात्याचे. पंचायतीकडे उरते ती सार्वजनिक विहीर, एखादी झर आणि लोकांची ओरड. तेव्हा जागा शोधायची ती खात्याच्या तालुक्यातल्या उपविभागात. काम मात्र गावातलेच असते, तुमच्या ओळखीच्या ओहळावरचे.

आता 'नळ फिरवणे'. चावीवाल्याचे काम हलके आहे असे मला वाटत नाही. कुठल्या वाड्याला किती वाजता पाणी चढते हे तोंडपाठ असलेला माणूस रजेवर गेला की गावाला त्याची किंमत कळते. पण तुमची मुलगी म्हणते ते तंत्रज्ञाचे काम वेगळे. ते मुख्यतः मोजण्याचे आणि मोजलेले लिहून ठेवण्याचे आहे.

पावसाळ्यात सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातले पाणी मोजून मिलिमीटरमध्ये लिहायचे. धरणाची पातळी, नदीत रोवलेल्या पट्टीवरचा आकडा, पूर चढत असेल तर दर तासाला. साखळीच्या बाजारात वाळवंटी नदीचे पाणी शिरू नये म्हणून पंप चालू करायचे ते याच आकड्यांच्या भरवशावर. पाऊस सरला की बंधाऱ्यांना फळ्या बसवायच्या. त्या वेळेत बसल्या नाहीत तर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या शेतीला पाणी कुठले? मे अखेर त्याच फळ्या काढाव्या लागतात, नाहीतर पहिल्या पुरात बंधाराच धोक्यात येतो. उन्हाळ्यात विहिरींची पातळी. आपल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीत पाणी झटकन मुरते आणि तितक्याच झटकन निघून जाते. म्हणून तर शंभर इंच पावसाच्या मुलखात एप्रिलला टँकर दिसतात. २००२ च्या भूजल कायद्याखाली विहिरींची नोंदणी आणि नव्या विहिरीची परवानगी असते. तिथेही जागेवर जाऊन पाहणारा कोणी तरी लागतोच.

पिण्याच्या पाण्याकडे गेली तर ओपा, अस्नोडा, साळावली असे शुद्धीकरण प्रकल्प. मुसळधार पावसात नदी लाल होऊन येते, तेव्हा तुरटी किती घालायची हे अंदाजाने ठरत नाही. एकेक लिटरच्या सहा भांड्यांत तेच पाणी घेऊन प्रत्येकात तुरटीची मात्रा वेगळी घालतात, आधी जोरात, मग हळू ढवळतात आणि गाळ खाली बसू देतात. ज्या भांड्यातले पाणी कमीत कमी तुरटीत नितळले, ती त्या दिवसाची मात्रा. दुपारी नदी बदलली की पुन्हा तेच. भारतीय मानकाप्रमाणे गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजण्याचे एकक) असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. आणि शेवटच्या घराच्या नळाला क्लोरिन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेले हवे. शेवटच्या घराच्या, हे महत्त्वाचे. टाकीखाली उभे राहून मोजले तर ते नेहमी चांगलेच येते.

जंतूंच्या तपासणीच्या बाटलीत आधी थोडे थायोसल्फेट घालून ठेवलेले असते. ते नसेल तर बाटलीतले क्लोरिन वाटेतही जंतू मारत राहते आणि प्रयोगशाळेतून छान अहवाल येतो. गावात पोरांना जुलाब, कागदावर पाणी निर्मळ. या कामात आळशी माणूस असा निरुपद्रवी दिसतो. त्याची चूक कोणाला दिसत नाही, म्हणून मला तो जास्त धोक्याचा वाटतो.

हे आकडे पुढे कुठे जातात तेही तिला सांगा. म्हादई नदीचे पाणी तीन राज्यांत वाटण्यासाठी नेमलेल्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. त्याआधी वर्षानुवर्षे वाद चालला तो खोऱ्यात मुळात पाणी किती यावर. त्याचे उत्तर शेवटी पर्जन्यमापकांच्या जुन्या वह्यांतून आणि नदीवरच्या मोजणी केंद्रांच्या नोंदींतून काढावे लागते. असे एक केंद्र, केंद्रीय जल आयोगाचे, गांजेला आहे. तिथे कोणी तरी रोज उठून पट्टी वाचते.

शिक्षणाचे थोडक्यात. दहावीनंतर तीन वर्षांची सिव्हिल पदविका, हा माझा पहिला कौल. पणजीला आल्तिनोवरच्या शासकीय तंत्रनिकेतनात ती होते. प्रवेशाची यादी लागेपर्यंत हातात दुसरे काही असावे म्हणून आयटीआयचा अर्जही भरा. सर्वेक्षक आणि सिव्हिल आरेखक हे दोन वर्षांचे ट्रेड या कामाच्या जवळचे. दोन वर्षांचा आयटीआय करून पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते, म्हणजे ती वाट बंद नाही. प्रयोगशाळेची ओढ असेल तर मात्र बारावी विज्ञान आणि पुढे रसायनशास्त्राची पदवी. बीएड वाईट नाही हो, पण तिने ते मागितलेले नाही.

आता न आवडणारे. या खात्यांच्या जाहिराती दरवर्षी निघत नाहीत, आणि निघाल्या की जागा थोड्या, अर्ज भरमसाट. वर्ग 'क'ची पदे गोवा कर्मचारी निवड आयोगामार्फत भरतात, परीक्षा संगणकावर असते. बहुतेक जाहिरातींत पंधरा वर्षे वास्तव्याचा दाखला लागतो, कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे असल्यास बरे, असे लिहिलेले असते. मुलगी मराठी माध्यमाची असेल तर कोकणी लिहायची सवय आतापासून करा, घरात बोलतो तेवढ्यावर विसंबू नका. कोणी 'साहेबांना सांगून जागा करतो' म्हणत अंगणात आला तर त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा. सरकारी जागा मिळेपर्यंत हे शिक्षण पडून राहत नाही. जलवाहिन्या टाकणारे कंत्राटदार, सर्वेक्षण करणारे सल्लागार, वेर्णा वसाहतीतले कारखाने आणि किनाऱ्यावरची मोठी हॉटेले, जिथे सांडपाण्याचा प्रकल्प चालवावा लागतो, या सगळ्यांना अशी माणसे लागतात. तिथे पगार सुरुवातीला बेताचा असतो. दोन-तीन वर्षे तशी काढायची तयारी ठेवा.

मुलीला जमेल का, हे तुम्ही विचारलेत. चिखल आहे, जळवा आहेत, दुचाकी चालवता यायलाच हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला मुख्य जलवाहिनी फुटली, तेव्हा भर पावसात फोंडा आणि तिसवाडीतले लोक कित्येक दिवस पाण्याला मोताद झाले होते. अशा वेळी रात्र-दिवस म्हणायची सोय नसते. हे मुलग्यालाही तितकेच जड. धुळीच्या रस्त्याने शेतात जाऊन, म्हाताऱ्या कुळाशी चार शब्द बोलून पाट कुठे फुटला ते काढून घेणे मात्र कुळागरात वाढलेल्या पोरीला पुस्तकातून शिकावे लागणार नाही. तुम्ही पोफळींना आळीपाळीने पाणी वळवता, तेव्हा ती बघत असणारच.

खरी शंका मला एकच आहे. सहलीत धरण बघून भारावणे वेगळे आणि रोज तोच आकडा लिहिणे वेगळे. प्रवेशाचे अर्ज भरायला अजून दोन-तीन आठवडे आहेत. तोवर मुलीला तुमच्या विहिरीवर सोडा. कठड्याच्या एकाच चिऱ्यावर खडूने खूण करायची आणि रोज तिथूनच दोरी सोडायची. वेळ सकाळची, पंप सुरू करण्याआधी. दोरीची लांबी सेंटिमीटरमध्ये, शेजारी तारीख. मे महिना आहे, पाणी उतरत जाईल. एखाद्या दिवशी उतरणार नाही, उलट वर येईल. का, ते तिने शोधावे, तुम्ही सांगू नका. एखाद्या सकाळी मोजायचे राहिले तर ती जागा कोरी ठेवायची, शेजारच्या दोन आकड्यांवरून भरायची नाही. मग ती वही घेऊन दोघे भेटायला या.