प्रश्न तुमचे, सल्ला आमचा : एजंटचे गृहकर्ज आणि बँकेचे गृहकर्ज

प्रश्न : चिंचवडमध्ये ६२ लाख रुपयांना एक जुना फ्लॅट घेण्याचे आम्ही ठरवले आणि मालकांना ५ लाख रुपये विसार दिला. कर्जाचे काम एका एजंटकडे सोपवले होते. ‘९० टक्के कर्ज सहज होईल, फाइल माझ्यावर सोडा,’ असे सांगून त्यांनी फाइल चार्ज म्हणून २५ हजार रुपये गूगल पेवर घेतले. बँकेचे मंजुरीपत्र आले, पण त्यानंतर मूल्यांकनात घराची किंमत ५७ लाख धरली गेली आणि कर्जाची रक्कम कमी झाली. आता एजंट म्हणतात, की उरलेल्या रकमेसाठी पर्सनल लोन काढा किंवा करारनाम्यात किंमत वाढवून दाखवा. मालकांनी महिनाअखेरीची मुदत दिली असून त्यानंतर विसार जप्त करू, असे बजावले आहे. काय करावे?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : सर्वांत आधी हे स्पष्ट केले पाहिजे, की ९० टक्क्यांचे आश्वासन तुमच्या बाबतीत कधीच पुरे होण्यासारखे नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते ते फक्त ३० लाखांपर्यंतच्या कर्जावर. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांची आणि त्यापुढे ७५ टक्क्यांची मर्यादा आहे. ६२ लाखांचे ९० टक्के म्हणजे ५५ लाख ८० हजार होतात, आणि ही रक्कम ३० लाखांच्या वर जात असल्यामुळे ती कोणतीही बँक देऊ शकत नव्हती. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला एवढे ठाऊक नसेल, असे मानणे कठीण आहे.

दुसरी गोष्ट मूल्यांकनाची. बँक करारनाम्यातील किंमत आणि आपल्या मूल्यांककाने दिलेली किंमत यांपैकी जी कमी असेल ती धरते. म्हणजे ५७ लाखांचे ८० टक्के, ४५ लाख ६० हजार. मंजुरीपत्रातील आकडा हा बहुधा तुमचे उत्पन्न आणि क्रेडिट स्कोअर पाहून काढलेला असतो, आणि घराची कागदपत्रे व मूल्यांकन तपासल्यानंतरच प्रत्यक्ष वाटपाची रक्कम ठरते. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरांत ही अट लिहिलेली असते. मंजुरी हाती आली म्हणजे पैसे आले, असे समजून विसार देणारे अनेक वाचक आम्हाला लिहितात.

आता तुमचा खरा हिशेब मांडू. ६२ लाखांतून ४५ लाख ६० हजार वजा केल्यास १६ लाख ४० हजार उरतात. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ४ लाख ३४ हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. हे खर्च बँक कर्जाच्या हिशेबात धरत नाही. एकूण २१ लाख ४ हजार स्वतःच्या खिशातून उभे करायचे आहेत, त्यांपैकी ५ लाख तुम्ही दिलेले आहेत. (घर केवळ पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते, मात्र त्या परिस्थितीत कर्जदार कोण असावेत, हे बँकेला आधी विचारा.) उरलेले १६ लाख मालकांशी बोलून थोडा भाव कमी करून किंवा घरच्या मदतीने उभे राहतात का, एवढाच आता प्रश्न आहे.

एजंटने सुचवलेले दोन्ही मार्ग आम्ही नाकारतो. पर्सनल लोनचा हप्ता सुरू झाला, की तुमची परतफेडीची क्षमता घटते, आणि वाटपापूर्वी बँकेने क्रेडिट अहवाल पुन्हा काढला तर गृहकर्जाची रक्कम आणखी खाली येऊ शकते. करारनाम्यात किंमत फुगवण्याचा सल्ला तर अप्रामाणिक आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. मूल्यांकन ५७ लाखच राहणार असल्यामुळे कर्ज रुपयाभरही वाढणार नाही, उलट वाढीव किमतीवर मुद्रांक शुल्क मात्र भरावे लागेल. खोट्या मजकुराखाली सही असते ती कर्जदाराची, एजंटची नव्हे.

विसाराबाबत विसार पावती काढून शब्दन् शब्द वाचा. ‘कर्ज मंजूर न झाल्यास विसार परत’ अशी ओळ असेल, तर बँकेचे लेखी पत्र जोडून मालकांना आजच कळवा. तशी ओळ नसेल, तर खरेदीदाराने माघार घेतल्यास विसाराची वाजवी रक्कम विक्रेत्याने ठेवून घेण्यास न्यायालये साधारणपणे हरकत घेत नाहीत. म्हणून भांडणापेक्षा लेखी मुदतवाढ मागणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मालकांनाही नवा ग्राहक शोधण्यात वेळ जाणारच आहे.

राहिले ते २५ हजार. बँकेने नेमलेल्या एजंटला त्याचे कमिशन बँक देते, आणि बँकेची प्रक्रिया फी बँकेच्या खात्यात जमा होते, एजंटच्या गूगल पेवर नव्हे. शाखेत जाऊन हा गृहस्थ बँकेचा अधिकृत एजंट आहे का, ते लेखी विचारा. अधिकृत असेल तर त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेला झटकता येत नाही. बँकेकडे लेखी तक्रार द्या, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. तो अधिकृत नसेल, तर हा तुमचा व त्याचा खासगी व्यवहार ठरतो आणि पैसे मिळवण्याचा मार्ग लांबतो. तरीही व्हॉट्सॲपवरील संभाषण आणि पैसे दिल्याची नोंद जपून ठेवा.

प्रश्न : एजंटने माझी फाइल एकाच वेळी पाच बँकांकडे पाठवली आणि दोघांनी नकार दिला. एका बँकेने होकार दिला आहे, पण त्यात मी न मागितलेला विमा धरला आहे. तो घ्यावाच लागतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. कर्जासोबतचा विमा ऐच्छिक असतो. तुम्हाला तो नको असल्यास तसे लेखी कळवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून गृहकर्जासह प्रत्येक किरकोळ मुदत कर्जासाठी (म्हणजे व्यक्तींना ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या कर्जासाठी) मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात व्याजदर, सर्व शुल्के आणि वार्षिक एकूण खर्चाचा दर एकत्र असतो, आणि विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्या पत्रकात नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही.

नकार देणाऱ्या दोन्ही बँकांकडे नकाराचे कारण लेखी मागा. ते देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. प्रत्येक अर्जामागे क्रेडिट अहवालात एक चौकशी नोंदली जाते आणि थोड्या दिवसांत अशा अनेक चौकश्या दिसल्या, की स्कोअर काहीसा घसरतो. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्या (लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देतात. तो काढून पाहा, आणि तुमच्या संमतीशिवाय झालेली चौकशी आढळल्यास त्या कंपनीकडे हरकत नोंदवा.