सिस्टरना ट्रेनिंग हवं की वॉर्डात माणसं?

प्रश्न : पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी ३० खाटांच्या सर्जिकल वॉर्डची इनचार्ज आहे. रात्रीच्या बारा तासांना दोनच सिस्टर असतात. हल्ली बेडसोअर (एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा) वाढलेत, दोन पेशंट पडले. व्यवस्थापन म्हणतं, मुलींना पुन्हा ट्रेनिंग द्या. तेवढ्यानं भागेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही भागणार. बेडसोअर कसा टाळायचा हे त्या मुलींना ठाऊक आहे, त्यांना वेळ पुरत नाही. स्वतः कूस बदलू न शकणारे आठ पेशंट धरा. त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची, म्हणजे रात्रीत सहा वेळा. एकूण ४८ खेपा. पेशंटला वळवून, पाठ बघून, चादर सारखी करायला दोघींची पाच मिनिटं जातात. म्हणजे चार तास दोघीही त्यातच, आणि तेवढा वेळ उरलेल्या बावीस जणांच्या बेलला कुणी नाही. बाथरूमसाठी पेशंट एकटा उठतो तो अशाच वेळी.

इंजेक्शनची चार्टवर सही लागते, म्हणून ते दिलं जातंच. कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता, सलाईनची जागा सुजली का पाहणं मागे पडतं. अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांतले शस्त्रक्रियेचे पेशंट अभ्यासले आणि निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध केले. नर्समागे एक पेशंट वाढला, की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त दिसली. हा प्रश्न मुलींच्या निष्ठेचा नाही, हे व्यवस्थापनाला ठामपणे सांगा.

मागणी मात्र आकड्यांनी करा. सिस्टरमागे सहा पेशंट ठेवायचे तर पाळीला पाच, तीन पाळ्यांना पंधरा. साप्ताहिक सुट्टी, आजारपण, बाळंतपणाची रजा यांसाठी ३० टक्के वर धरा, की वीस होतात. पंधराच मिळाल्या तर डबल ड्युटी लागणारच, आणि थकलेल्या हातून औषधाची चूक होते.

भरती होईपर्यंत मेडिक्लेमचे कागद, बिलिंगचे फोन, फार्मसीच्या खेपा वॉर्ड क्लार्क आणि मामांकडे (वॉर्डबॉयकडे) द्या. औषधं काढताना सिस्टरला हाक मारायची नाही, हा नियम डॉक्टरांनाही लावा.

महिनाभर पाळीवार नोंद ठेवा : पेशंट किती, कूस बदलावी लागणारे किती, प्रत्यक्ष हजर सिस्टर किती, कोणतं काम राहिलं. पडणं आणि बेडसोअर दर हजार पेशंट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस वॉर्डात, म्हणजे एक पेशंट-दिवस) काढा. ३० खाटा महिनाभर भरलेल्या असतील तर ९०० पेशंट-दिवस होतात. राहिलेल्या कामापुढे सिस्टरचं नाव लिहू नका. मेमोची भीती असली की तो रकाना कुणी भरत नाही.