गव्हाचा युरिया: पिवळेपणा, हप्ते आणि पाणी

शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा गव्हाबद्दल आलेल्या प्रश्नांत सगळ्यांत जास्त प्रश्न युरियाचेच आहेत. अचलपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलं, "साहेब, एकरी तीन चुंगड्या युरिया देला, तरी गहू पिवळाच हाये. आनखी एक टाकू काय?" दारव्ह्याच्या एका ताईंना सोयाबीनच्या बेवडावर (सोयाबीन निघालेल्या रानात) युरिया कमी करता येतो का, हे हवं आहे. देवळीकडच्या कपाशीवाल्यांचा प्रश्न पऱ्हाटी उपटून उशिरा पेरलेल्या गव्हाचा आहे. बाटलीतल्या नॅनो युरियाबद्दल तर सगळीकडूनच विचारणा आहे.

अचलपूरच्या दादांनी चौथी चुंगडी (४५ किलोची बॅग) टाकू नये. तीन चुंगड्या म्हणजे १३५ किलो युरिया, त्यातून जवळपास ६२ किलो नत्र. वेळेवर पेरलेल्या ओलिताच्या गव्हाची शिफारस हेक्टरी १२०:६०:४० (किलो नत्र, स्फुरद, पालाश) आहे. म्हणजे डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खतातलं नत्र धरूनसुद्धा एकरी ४८ किलोच. तुम्ही त्याच्या पुढे गेला आहात. तरी पीक पिवळं असेल, तर एक तर नत्र मुळापर्यंत पोचलं नाही, नाही तर दुखणं नत्राचं नाहीच.

हे शेतातच ओळखता येतं. चार-पाच ठिकाणची झाडं मुळासकट उपटा आणि कोणतं पान पिवळं आहे ते बघा. खालची जुनी पानं शेंड्याकडून, मधल्या शिरेच्या बाजूने आत पिवळी होत आली असतील, तर नत्र कमी आहे. खालची पानं हिरवी आणि वरची कोवळी पानं सबंध फिकट असतील, तर गंधकाची कमतरता समजा. वर्षानुवर्षं फक्त डीएपी आणि युरिया वापरणाऱ्या शेतांत हे दिसतं, कारण त्या दोन्हींत गंधक नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते असतं. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल, तर चुनखडीच्या रानातली लोहाची अडचण आहे. आणि पाणी दिल्यावर आठवडाभरात सगळं रानच मलूल झालं असेल, तर मुळं गुदमरली आहेत. तिथे युरिया टाकून पैसे वाया घालवू नका, पाणी थांबवा आणि वाफसा येऊ द्या, म्हणजे जास्तीची ओल निघू द्या.

नत्र जातं कुठे, हे नीट समजून घ्या, कारण सगळा पैसा तिथेच अडकला आहे. धान्यपिकात टाकलेल्या नत्रापैकी साधारण ३० ते ४० टक्केच पिकाला लागतं. युरिया ओलाव्यात विरघळला की जमिनीतल्या युरिएज विकरामुळे त्याचा अमोनिया होतो. आपली काळी जमीन विम्लधर्मी, सामू (पीएच) बहुधा ८ च्या आसपास. खारपाणपट्ट्यात तर त्याहून चढा. अशा जमिनीच्या वरच्या थरावर युरिया पडून राहिला, तर अमोनिया वायू होऊन हवेत उडतो. दुसरी वाट साचलेल्या पाण्याची. भारी काळ्या रानात पाणी दोन-तीन दिवस उभं राहिलं की हवा न मिळाल्याने जिवाणू नायट्रेटचाच वायू करून टाकतात. बरड (हलक्या) जमिनीत तेच नायट्रेट पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. कडुनिंबाचं आवरण असलेला युरिया २०१५ पासून सगळीकडे मिळतो. तो ही गळती थोडी मंदावतो, पण उघड्यावर फेकलेल्या युरियाला वाचवत नाही.

म्हणून सकाळच्या दवात, ओल्या रानावर युरिया फेकायची सवय आपण मोडली पाहिजे. दाणे ओल्या पानांना चिकटून पानं करपतात आणि उरलेला युरिया वरच्या वर विरघळतो. तुषार संच असेल, तर पानं कोरडी असताना युरिया फेका आणि लगेच संच चालू करा, म्हणजे तो दोन-तीन बोटं खाली जातो. सऱ्या-वाफ्यांनी पाणी देत असाल आणि जमीन भारी असेल, तर पाण्यानंतर वाफसा येऊ द्या, युरिया ओळींमध्ये पडेल असा टाका आणि सायकल डवऱ्याने मातीआड करा. मजुरीचा खर्च आहे हे मला माहीत आहे, पण तण आणि युरिया ही दोन्ही कामं त्यात होतात.

आपल्या भागात रात्रपाळीची लाईन (वीज) हीसुद्धा खताची अडचण आहे. मोटर सुरू करून माणूस घरी येतो, आणि दांडाजवळ (पाण्याच्या पाटाजवळ) फेकलेला युरिया वाहत वाहत वाफ्याच्या शेवटी गोळा होतो. पाहायचं असेल तर पन्नास दिवसांच्या गव्हात धुऱ्यावर (बांधावर) उभे राहा. पाणी शिरतं त्या बाजूचा गहू पिवळसर आणि बुटका असतो, शेवटच्या टोकाचा काळपट हिरवा. पुढे फेब्रुवारी-मार्चच्या वाऱ्या-पावसात तोच आधी लोळतो, मावाही तिथेच जास्त बसतो. वाफे लांबीला कमी करा आणि पाणी टोकाला पोचायच्या थोडं आधीच बारं मोडा, म्हणजे पाणी पुढच्या वाफ्यात वळवा.

आता एकरी हिशेब. पेरणीला डीएपी एक बॅग (५० किलो), म्युरेट ऑफ पोटॅश २७ किलो आणि युरिया ३३ किलो. डीएपी दोन चाड्यांच्या पेरणी यंत्राने बियाण्याखाली पडू द्या. युरिया मात्र बियाण्यात कधीच मिसळू नका, उगवण मार खाते. तो शेवटच्या वखरपाळीआधी टाका. उरलेला ५२ किलो युरिया १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी नवी मुळं) फुटताना, पहिल्या पाण्याच्या जोडीने. फुटवे किती येणार हे याच सुमारास ठरतं. हे पाणी आणि हा हप्ता पुढे ढकलला, तर नंतर कितीही टाका, फुटवे परत येत नाहीत. जमीन बरड असेल, तर या ५२ किलोचे दोन भाग करा आणि दुसरा ४० ते ४२ दिवसांनी, कांडी धरताना द्या. सगळं मिळून ८५ किलो होतं, दोन बॅगांनाही पाच किलो कमी.

दारव्ह्याच्या ताई, सोयाबीनचा बेवड चांगलाच. गळालेला पाला आणि मुळ्या कुजून गव्हाला थोडं नत्र मिळतं. पण सोयाबीन आपल्या गाठींतलं बरंचसं नत्र दाण्यातच भरून नेतं, म्हणून अर्धा युरिया कापायचं धाडस करू नका. कपात करायची तर माती परीक्षणाचा कागद हातात घेऊन करा. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी असेल, तर ते कमी प्रमाणात मोडतं, तिथे पूर्ण मात्राच द्या. कुटार (मळणीनंतरचा भुसा) मात्र जाळू नका. न कुजलेलं कुटार पेरणीच्या तोंडावर मातीत घातलं, तर ते कुजवताना जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात आणि गहू सुरुवातीला पिवळा पडतो. त्यामुळे ते खड्ड्यात कुजवून पुढच्या हंगामात वापरा.

देवळीकरांनो, पऱ्हाटी निघेपर्यंत डिसेंबर उजाडतो. उशिराच्या गव्हाला थंडीचे दिवसच कमी मिळतात, त्यामुळे शिफारसही हेक्टरी ८०:४०:४० अशी उतरते. एकरी डीएपी ३५ किलो, पोटॅश २७ किलो, पेरणीला युरिया २१ किलो आणि पहिल्या पाण्याला ३५ किलो. वाण उशिरा पेरणीचाच निवडा. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा एकेएडब्ल्यू ४६२७ त्यासाठीच आहे.

नॅनो युरियाचं गणित तुम्हीच करा. सुरुवातीला आलेल्या ५०० मिलीच्या बाटलीत ४ टक्के नत्र होतं, म्हणजे २० ग्रॅम. ४५ किलोच्या बॅगेत २० किलोहून जास्त असतं. पानावरची फवारणी म्हणून तो वापरायचा असेल तर वापरा, पण त्याच्या भरवशावर पहिल्या पाण्याचा हप्ता सोडू नका, एवढं मी कळकळीने सांगतो. ओंबी निसवताना पान फिकट वाटलं, तर साध्या युरियाची २ टक्के फवारणी पुरते. १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम, ऊन उतरल्यावर.

खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करायची असेल, तर पेरणीच्या वेळी एका कडेला दोन-तीन तासांचा (ओळींचा) पट्टा राखा आणि त्यात युरिया दीडपट टाका. चाळीस दिवसांनी पट्टा आणि बाकीचं रान शेजारी-शेजारी पाहा. रंगात आणि फुटव्यांत फरक नसेल, तर पुढची चुंगडी घरीच ठेवा. पट्टा उघड गडद दिसत असेल, तर कांडी धरताना एकरी १५ ते २० किलो युरिया द्या, तोही पाण्याची सोय असेल तरच.