दोन तासांचं रक्त दे

लाडक्या लेकीस,

काल फोनवर तू दोनदा म्हणालीस, "मावशी, मी ४६ किलोची, मला कसला पीसीओएस?" अगं, पीसीओएस म्हणजे हार्मोन बिघडून अंडाशयाचं काम अडखळणं. तीन महिने पाळी नाही, हनुवटीवर केस, सोनोग्राफीचा रिपोर्ट समोर, तरी तुझा भरवसा वजनकाट्यावर. त्यात भात बंद, रात्रीचं जेवण बंद. अगं, कमी करायला तुझ्या अंगावर आहे काय?

तू दोन तासांचं रक्त दे. उपाशीपोटीची साखर ८८ आली, ते कळलं. मी म्हणतेय ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरचं.

तीस वर्षं मी लॅबमध्ये लोकांच्या शिरा शोधल्या. माझी पाळी विशीपासून लहरी. मानेवरचा काळा पट्टा मळ समजून रक्त येईपर्यंत घासला. उपाशीपोटीची साखर दरवर्षी नव्वदीच्या आसपास, त्यामुळे निर्धास्त. ४१व्या वर्षी एका ज्युनिअर मुलीने हट्टाने ग्लुकोजचा ग्लास हातात दिला. दोन तासांनी १८६. १४० च्या आत हवी होती, २०० म्हणजे मधुमेह.

आधी का नाही केलीस, विचारशील. वरिष्ठ म्हणायचे, तू तर काडी, तुला कशाला? आणि घरी तान्हं मूल असताना दोन तास नुसतं बाकावर कोण बसतं? मला आजही तो माझा आळस वाटत नाही. पण ती वर्षं गेली ती गेलीच.

इन्शुलिन रक्तातली साखर स्नायूंत पोचवतं. स्नायू त्याला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते जास्त ओततं. तुझे ८८ कदाचित त्याच्याच जिवावर टिकलेत. हेच जादा इन्शुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, वाढवायला लावतं, आणि त्याला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी बनतं. हनुवटी आणि पाळी, दोन्हींचं मूळ तिथे असू शकतं. प्रत्येक बारीक मुलीत हे असतंच असं नाही. तुझ्यात नसेल तर मला आनंदच आहे, पण ते रक्ताने सांगू दे, काट्याने नको.

आपल्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याशेजारी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. काट्याला यातलं काय दिसलं? २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही म्हणतात, पीसीओएस असेल तर वय-वजन न बघता साखर तपासा, आणि सर्वांत अचूक तपासणी ही ग्लुकोज पिऊन केलेलीच. फास्टिंग इन्शुलिनवर, म्हणजे उपाशीपोटी इन्शुलिन मोजण्यावर, पैसे घालवू नकोस.

आकडा वाढलेला निघाला तर औषधाचं डॉक्टर बघतील. तू पोटभर जेव आणि दंड-मांड्यांचे व्यायाम कर. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूंत खपते, आणि उपाशी राहून तू तेच झिजवते आहेस.

शनिवारी सकाळी आठला ये, चहा न घेता. त्याआधी तीन दिवस भात-पोळी नेहमीसारखी खा, नाहीतर आकडा फसवेल. पाणी गोडमिट्ट असतं, घशाला चिकटतं, पण पाच मिनिटांत संपवायचं. मग चालायचं नाही, खायचं नाही. मी स्वेटर विणायला घेऊन शेजारी बसेन. दहा वाजता तुझी शीर मीच शोधेन, उजव्या हाताची, डावीकडची तुझी लपते.

तुझी,
मावशी