अलाइनर सुरू करतोयस ना? मग हे ऐक

अलाइनर म्हणजे दात सरळ करणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे; दिवसाचे 20 ते 22 तास ते दातांवर हवेतच. खरी कसोटी आपल्याकडे गणपतीत. वाडीत घरोघरी आरती, प्रत्येक घरी मोदक नाहीतर करंजी. दर वेळी काढून ठेवत गेलास तर चार-पाच तास सहज जातात. त्यापेक्षा प्रसाद डब्यात घे, जेवणासोबत एकदमच खा, खळखळून चूळ भर आणि लगेच लाव.

लावलेले असताना फक्त साधं पाणी. सोलकढी, कोकम सरबत, चहा काढूनच प्यायचं. आंबट-गोड रस प्लास्टिकखाली अडकला की दात किडतात. गरम पाण्याने धुऊ नकोस, आकार बिघडतो. काढलेले अलाइनर कागदात गुंडाळू नकोस रे, कचऱ्यात जातात! डबी खिशात ठेव.

अलाइनरचा पुढचा सेट लावलास तरी आधीचा जपून ठेव. उपचार संपल्यावर रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारा साचा) मात्र डॉक्टर सांगतील तितका काळ लावायचाच, नाहीतर दात परत सरकतात.