व्हिफ स्वतः काहीच तोडत नाही

प्रश्न : एचआयव्हीचं व्हिफ हे प्रथिन आपल्या पेशीतलं संरक्षक प्रथिन नष्ट करतं, असं वाचलं. पण व्हिफ तर विकर (एन्झाइम) नाही. मग ते तोडतं कसं? त्याने पेशीचंही काही बिघडतं का? त्यावर औषध आहे का?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : शंका अगदी रास्त आहे. १९२ अमिनो आम्लांचं व्हिफ फक्त गाठ घालून देतं. एका बाजूने ते एपोबेक-३जी या संरक्षक प्रथिनाला धरतं, दुसऱ्या बाजूने क्युलिन-५ आणि इलाँगिन बी-सी यांच्या जुळणीला. ही जुळणी पेशीचीच. नको असलेल्या प्रथिनांना युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी लावणं हे तिचं रोजचं काम. व्हिफमुळे ती चिठ्ठी धडधाकट एपोबेकला लागते आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करतं.

एपोबेकचं मोल कशात, ते सोलापुरी चादरीवरून कळेल. जकार्ड मागावर नक्षी छिद्रांच्या कार्डांवरून उतरते. भलत्याच जागी छिद्रं पडली तर माग चालेल, मोर उमटणार नाही. विषाणूचा डीएनए तयार होताना एपोबेक त्याच्या ऋण धाग्यातल्या (आधी बनणाऱ्या धाग्यातल्या) सी या अक्षराचा यू करतं. परिणामी समोरच्या धाग्यात, म्हणजे जनुकसंचात, ठिकठिकाणी जी च्या जागी ए येतो आणि विषाणू निकामी ठरतो.

प्रयोग करताना इथे एक चूक हमखास होते. एपोबेक नव्या विषाणूकणात शिरतं आणि पुढच्या पेशीत काम करतं, त्यामुळे परिणाम पहिल्याच पेशीत शोधू नका. पेशीही पारखून घ्या : प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या २९३टी पेशींत एपोबेक-३जी नसतंच, म्हणून व्हिफ नसलेला विषाणूही त्यांतून ठणठणीत बाहेर पडतो. सीईएम या टी-पेशींतून निघालेला मात्र लुळा पडतो. सीईएम आणि तिचीच उपजात सीईएम-एसएस यांच्यातला हा फरक धरूनच २००२ मध्ये एपोबेक-३जी सापडलं.

पेशीचं नुकसान दोन वाटांनी होतं. व्हिफला टिकून राहायला पेशीचं सीबीएफ-बीटा हे प्रथिन लागतं. एरवी सीबीएफ-बीटा रन्क्स प्रथिनांच्या जोडीने टी-पेशींची जनुकं चालवतं. व्हिफने ते अडवलं की ती जोडी फुटते. शिवाय व्हिफ पीपी-२ए या विकराचे काही घटकही प्रोटिअसोमकडे धाडतं. मग प्रथिनांवरचे फॉस्फेट वेळेवर उतरत नाहीत आणि पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर, जी-२ टप्प्यात, अडकते. विषाणूचं व्हीपीआर हे प्रथिनही पेशीला तिथेच अडवतं.

व्हिफ रोखणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. सध्याच्या रोजच्या गोळीतलं टेनोफोविर (३०० मिग्रॅ) आणि लॅमिव्हुडिन (३०० मिग्रॅ) रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजला (विषाणूचा डीएनए बनवणाऱ्या विकराला), तर डोल्युटेग्रॅविर (५० मिग्रॅ) इंटिग्रेजला (तो डीएनए पेशीच्या डीएनएत घुसवणाऱ्या विकराला) अडवतं. व्हिफला हात न लावताही विषाणूची वाढ थांबते, म्हणून ती गोळी एक दिवसही चुकवायची नाही.