हॅस्केलचं हिशेबाचं इंजिन ब्राउझरमध्ये न्यायचंय? उंबरठ्याकडे लक्ष द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: पतसंस्थेच्या ठेवींचं व्याज आणि कर्जाचे हप्ते काढणारा हॅस्केलचा कोड सर्व्हरवर बिनबोभाट चालतोय. शाखांमध्ये नेट सारखं जातं, म्हणून तेच गणित आता ब्राउझरमध्ये व्हायला हवंय. मग जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहायचं, की वेबअसेम्ब्लीत, म्हणजे ब्राउझर थेट चालवू शकतो अशा बायनरी कोडमध्ये, कंपाइल करून आहे तसं उचलून न्यायचं?

उचलून न्या. नव्याने लिहायच्या फंदात पडू नका. कारण वेगाचं नाही, राउंडिंगचं आहे. हॅस्केलचं राउंड अडीचचे दोन करतं आणि साडेतीनचे चार, म्हणजे बरोबर मध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे जातो. जावास्क्रिप्टचं मॅथ डॉट राउंड अडीचचे तीन करतं. तुमच्या कोडमध्ये असं राउंड कुठे कुठे दडलंय हे तुम्हालाही आता आठवणार नाही. शाखेतल्या पडद्यावर एक हप्ता आणि मुख्य कार्यालयाच्या छापील तक्त्यात एक रुपयाने वेगळा हप्ता, हे एकदा झालं की खातेदार काउंटरवरून हलत नाही. ते समजावत बसण्यापेक्षा दोन्हीकडे एकच कोड चालवलेला बरा.

आता पर्याय. हॅस्केलचा कंपायलर जीएचसी ९.६ मार्च २०२३ मध्ये आला, तेव्हा त्यात दोन नवे बॅकएंड (कोडचं शेवटचं रूप तयार करणारे भाग) एकदम आले: एक जावास्क्रिप्टचा, जुन्या जीएचसीजेएस या हॅस्केल-ते-जावास्क्रिप्ट कंपायलरच्या घराण्यातला, आणि दुसरा वेबअसेम्ब्लीचा. त्याआधी अ‍ॅस्टेरियस नावाचा, हॅस्केलला वेबअसेम्ब्लीत नेणारा वेगळा प्रकल्प होता. मी त्यात बरेच शनिवार-रविवार घातलेत आणि त्याबद्दल फार प्रेमाने बोलू शकणार नाही, पण आजच्या बॅकएंडची पायवाट त्यानेच पाडली. सगळी स्क्रीनच हॅस्केलमध्ये लिहायची असेल, पानावरच्या घटकांना क्षणाक्षणाला हात लावायचा असेल, तर जावास्क्रिप्ट बॅकएंडचा विचार जरूर करा. तुमचं काम मात्र आकडे घेऊन आकडे परत द्यायचं आहे. त्याला वॅझम, म्हणजेच वेबअसेम्ब्ली.

एल्म आणि प्युअरस्क्रिप्ट यांची नावं कोणीतरी काढेलच. दोन्ही भाषा छान आहेत, पण त्यात तुम्हाला कोड पुन्हा लिहावा लागेल, आणि तेच तर टाळायचंय.

ओकॅमल या दुसऱ्या फंक्शनल भाषेची गोष्ट निराळी आहे आणि ती समजून घेतली तर हॅस्केलचं वागणंही कळतं. २०१७ मध्ये ब्राउझरांत आलेल्या वेबअसेम्ब्लीकडे फक्त एक लांबलचक सपाट मेमरी होती. ऑब्जेक्ट नाहीत, कचरा (न लागणारी मेमरी) गोळा करणारं कोणी नाही. सी आणि रस्टला ते पुरतं. फंक्शनल भाषा मात्र दर ओळीला नवी छोटी छोटी मूल्यं जन्माला घालतात, त्यांना गार्बेज कलेक्टरशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. यावर दोन वाटा निघाल्या. जीएचसी आपला अख्खा संसार डोक्यावर घेऊन येतो: त्याचा रनटाइम (प्रोग्राम चालवणारी यंत्रणा), त्याचा कलेक्टर, त्याचा शेड्युलर, सगळं त्या सपाट मेमरीत. ओकॅमलच्या वॅझम कंपायलरने दुसरी वाट धरली. त्याने ब्राउझरचाच कलेक्टर वापरला. ती सोय, म्हणजे वॅझमजीसी, क्रोम ११९ आणि फायरफॉक्स १२० मध्ये २०२३ च्या उत्तरार्धात आली, सफारीत डिसेंबर २०२४ मध्ये १८.२ बरोबर. गाईल स्कीम या भाषेवाल्यांचा हूट कंपायलरही याच वाटेने जातो. फायदा उघड आहे: फाइल लहान होते आणि दोन कलेक्टर एकमेकांच्या पायात येत नाहीत.

जीएचसीला ते का जमत नाही, हा पुढचा प्रश्न. हॅस्केलमध्ये अजून न काढलेलं मूल्यही (हेच आळशी मूल्य) एक वस्तूच असते. ते काढलं की त्याच जागी उत्तर लिहिलं जातं. कोणता तुकडा कोणत्या आकाराचा, त्यात पॉइंटर कुठे आणि साधा आकडा कुठे, हे रनटाइमला बिटापर्यंत ठाऊक असतं आणि सगळी यंत्रणा त्यावर उभी आहे. ती वॅझमजीसीच्या टाइप केलेल्या चौकटींत बसवायची तर घर पाडून बांधावं लागेल. म्हणून हॅस्केलच्या वॅझम फाइली जाड असतात. ते गृहीत धरूनच पुढे वाचा.

बिल्ड करणं आता अवघड राहिलेलं नाही. जीएचसी-वॅझम-मेटा या रेपॉझिटरीतली स्क्रिप्ट चालवली की कंपायलर, पॅकेजं बांधणारं कबाल, सी साठीचा क्लँग कंपायलर, सगळं एकत्र उतरतं. तुमच्या प्रकल्पात शुद्ध गणिताची पॅकेजं असतील तर ती बहुतेक मुकाट्याने कंपाइल होतील. सॉकेट, प्रोसेस, डेटाबेस असल्या पॅकेजांवर गाडी अडेल, आणि अडायलाच हवी, कारण ब्राउझरमध्ये त्या गोष्टी नाहीतच. म्हणून आधी गणिताचं पॅकेज सर्व्हरपासून वेगळं काढा. टेम्प्लेट हॅस्केल (कंपाइल होतानाच कोड तयार करणारी पद्धत) आधी चालत नसे; २०२४ च्या अखेरीस तीही सोय झाली, तेव्हा कंपायलर ९.१२ किंवा पुढचा घ्या.

खरं घोडं अडतं ते उंबरठ्यावर, जिथे हॅस्केल आणि जावास्क्रिप्ट एकमेकांना भेटतात.

पहिली ठेच मला लागली ती अशी. बटण दाबलं, हप्ता आला. दुसऱ्यांदा दाबलं, सगळं ठप्प. मी प्रोग्राम नेहमीसारखा मेनसकट, म्हणजे जिथून तो सुरू होतो त्या फंक्शनसकट, बांधला होता. मेन संपलं की हॅस्केलचा रनटाइम आवराआवर करून दिवे मालवून निघून जातो. नंतर दार वाजवून उपयोग नाही. याला कमांड पद्धत म्हणतात. तुम्हाला रिअ‍ॅक्टर पद्धत हवी: लिंकरला सांगायचं की मेन नको, ही अमुक फंक्शनं बाहेर उघडी ठेव. मग पान उघडताना इनिशियलाइझ एकदाच बोलवायचं आणि पुढे हवं तितक्यांदा गणित विचारायचं.

फंक्शनं उघडी ठेवायला जीएचसी ९.१० पासून थेट जावास्क्रिप्टशी बोलणारा एफएफआय (दुसऱ्या भाषेतली फंक्शनं जोडण्याची सोय) आहे. कंपाइल झाल्यावर पोस्ट-लिंक नावाची स्क्रिप्ट चालवायची. ती वॅझम फाइल वाचून जोडीची एक जावास्क्रिप्ट फाइल लिहून देते. इथे एक गंमत आहे. वॅझम सुरू करायला ही जोडीची फाइल लागते, आणि जोडीच्या फाइलला वॅझमने बाहेर ठेवलेली फंक्शनं लागतात. आधी कोण? उपाय असा की एक रिकामा ऑब्जेक्ट करायचा, तो जोडीच्या फाइलला द्यायचा, त्यावर वॅझम उभं करायचं, आणि मग त्याच ऑब्जेक्टमध्ये खरी फंक्शनं ओतायची. हॅस्केलवाल्यांना ही गाठ ओळखीची आहे, फक्त इथे ती आळशी मूल्यांऐवजी हाताने मारावी लागते. ओतायची ओळ विसरलात तर येणाऱ्या एररमध्ये याचा मागमूसही नसतो. बाकी फाइल, घड्याळ, पडद्यावर छापणं असल्या वॅसीच्या (वॅझमने बाहेरच्या जगाकडे सोयी मागायच्या मानकाच्या) मागण्यांसाठी ब्राउझर-वॅसी-शिम ही छोटी लायब्ररी पुरते.

बाहेर ठेवलेलं फंक्शन साधारणपणे प्रॉमिस, म्हणजे उत्तर नंतर देण्याचं वचन, परत देतं, तेव्हा जावास्क्रिप्टच्या बाजूला अवेट विसरू नका. हॅस्केलमध्ये न पकडलेलं एक्सेप्शन आलं तर ते प्रॉमिस फेटाळलं जातं, त्यामुळे चूक नीट पकडता येते.

आता इंट, म्हणजे हॅस्केलचा साधा पूर्णांक. ही गोष्ट मोठ्याने सांगतो, कारण तुमचं काम पैशांचं आहे. सर्व्हरवर हॅस्केलचा इंट ६४ बिटांचा असतो. वॅझमच्या या टार्गेटवर तो ३२ बिटांचा आहे, जावास्क्रिप्ट बॅकएंडवरही तसाच. कंपायलर चकार शब्द काढत नाही. ३२ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. तुम्ही शहाण्यासारखे रकमा पैशांत ठेवत असाल, तर तो झाला दोन कोटी चौदा लाख रुपयांच्या आसपास. एका खात्याला भरपूर वाटतो. पण मी एका संस्थेसाठी असंच काम करत होतो, तिथे शाखेची एकूण ठेव होती अडीच कोटी. पडद्यावर आलं: उणे १,७९,४९,६७२ रुपये ९६ पैसे. व्यवस्थापकांनी शांतपणे विचारलं, "ही आपली ठेव आहे की आपलं देणं?" तसं पाहिलं तर ठेव म्हणजे संस्थेचं देणंच, पण ते त्या अर्थाने विचारत नव्हते.

उणे आलं म्हणून सापडलं तरी. दुप्पट रक्कम असती, पाच कोटी, तर आकडा एक पूर्ण फेरा मारून सत्तर लाखांच्या घरात अधिक चिन्हासकट उभा राहिला असता आणि कोणाला शंकाही आली नसती. म्हणून रकमेचा टाइप इंट ठेवूच नका. इंट६४ घ्या, वॅझमला ६४ बिटांचं गणित मुळातच येतं, त्यामुळे वेगाची काळजी नको. किंवा सरळ इंटिजर, ज्याला आकाराची मर्यादा नाही. नुसता शोधा-बदला करून भागत नाही, कारण लेंग्थ, फ्रॉमइन्यूम आणि फ्रॉमइंटिग्रल यांच्या आडून इंट पुन्हा आत शिरतो. आमच्याकडे तो सरासरी काढणाऱ्या एका ओळीत बसला होता. जावास्क्रिप्टच्या बाजूला साधा नंबर दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापर्यंत पूर्णांक अचूक धरतो. पैशांत मोजलं तर ते नव्वद लाख कोटी रुपये होतात, तेवढी पतसंस्था अजून जन्माला यायचीय.

तारखेचंही बघा. वॅसीला भारतीय वेळ माहीत नसते, त्याच्यासाठी जग यूटीसीवर चालतं. हॅस्केलमधून स्थानिक तारीख मागितली तर पहाटे साडेपाचपर्यंत कालची मिळते. शाखा तेव्हा बंद असते हे खरं, पण आज ना उद्या कोणीतरी रात्री बारानंतर व्याजाची बॅच चालवतोच. आजची तारीख जावास्क्रिप्टकडून आत द्या, हॅस्केलला विचारू नका. शुद्ध फंक्शनला तारीख बाहेरून मिळावी हे तसंही योग्यच.

नावं मराठीत असणार, तेव्हा हेही. हॅस्केलचं टेक्स्ट २.० आवृत्तीपासून यूटीएफ-८ मध्ये असतं, जावास्क्रिप्टची स्ट्रिंग यूटीएफ-१६ मध्ये. एफएफआयचा तयार स्ट्रिंग टाइप वापरलात तर रूपांतर तोच करतो. पण वेगाच्या हौसेने पॉइंटर आणि लांबी हाताने पाठवायला गेलात, तर लांबी बाइटमध्ये मोजा. 'पुणे' या शब्दात चार कोडपॉइंट आहेत: प, उकार, ण, मात्रा. बाइट मात्र बारा. चार पाठवलेत तर पलीकडे 'प' पोचतो आणि त्याच्या शेजारी प्रश्नचिन्हाचा काळा चौकट. इंग्रजी नावांवर चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

माझा आग्रह असा की उंबरठ्यावरून फार वर्दळ होऊ देऊ नका. एक फंक्शन, आत एक जेसॉन मजकूर, बाहेर एक जेसॉन मजकूर. मी सुरुवातीला उत्साहात पानावरच्या बटणांचे कॉलबॅकसुद्धा हॅस्केलमधून दिले होते. मग जावास्क्रिप्टचं ऑब्जेक्ट हॅस्केलच्या क्लोजरला (आपला संदर्भ सोबत धरून ठेवणाऱ्या फंक्शनला) धरून आणि क्लोजर त्या ऑब्जेक्टला धरून, असे दोघे दोन वेगवेगळ्या कलेक्टरांच्या हद्दीत बसले. दोघांपैकी कोणालाच अख्खं वर्तुळ दिसत नाही, त्यामुळे ती मेमरी कधीच सुटत नाही. शाखेतला टॅब सकाळी उघडला की संध्याकाळीच बंद होतो, आणि वॅझमची मेमरी एकदा वाढली की कमी होत नाही. स्क्रीन जावास्क्रिप्टमध्येच राहू द्या.

जाडी कमी करायला वॅझम-ऑप्ट चालवा, नको ती नावं स्ट्रिप करा, सर्व्हरवर ब्रॉटली कॉम्प्रेशन लावा. शेवटची फाइल काही एमबीची राहीलच. तुमचं गिऱ्हाईक रोज तेच पान उघडणार आहे, सर्व्हिस वर्कर ती एकदा साठवून ठेवेल, त्यामुळे मला याची फार चिंता वाटत नाही. सर्व्हर ती फाइल अ‍ॅप्लिकेशन/वॅझम या माइम टाइपने देतोय ना, तेवढं तपासा. नाहीतर उतरता उतरता कंपाइल करणारं फंक्शन नकार देतं. आणि सगळं वेब वर्करमध्ये (पानाच्या मागे, वेगळ्या धाग्यावर) टाका. रनटाइम एकाच धाग्यावर चालतो. पाच हजार खात्यांचं व्याज मुख्य धाग्यावर काढायला घेतलंत तर तेवढा वेळ पान गोठतं, आणि कारकून रिफ्रेश दाबतो.

सुरुवात मात्र ब्राउझरपासून करू नका. गणिताच्या पॅकेजच्या चाचण्या आधी कमांड पद्धतीने बांधा आणि वॅझमटाइम या ब्राउझरबाहेर वॅझम चालवणाऱ्या साधनावर चालवा. त्याला जावास्क्रिप्ट लागतच नाही. सर्व्हरवरून गेल्या मार्च अखेरीचे सगळे हप्ते आणि व्याजाच्या नोंदी काढा, त्याच नोंदी वॅझम बिल्डमधून काढा, आणि दोन फाइली डिफ करा. शाखांच्या एकूण बेरजाही त्यात घ्या, नुसती खाती नकोत. फरक दिसला तर आधी इंट शोधा, मग तारीख. तिसरं कारण मला अजून भेटलेलं नाही. तुम्हाला भेटलं तर इथेच लिहा.